नवे नाटक आणि जाणते कान

(तरुण नाटककारांसाठी योजलेल्या सहा महिन्यांच्या मार्गदर्शन-उपक्रमाच्या प्रारंभी झालेल्या भाषणाचा संपादित पाठ.)



आज येथे बारा तरुण लेखक आपापल्या नाटकाचा पहिला खर्डा घेऊन आले आहेत. पुढील सहा महिने प्रत्येकासोबत एक अनुभवी नाटककार वा दिग्दर्शक मार्गदर्शक म्हणून असेल. खर्डा वाचला जाईल, मोडला जाईल, पुन्हा लिहिला जाईल आणि अखेरीस नटांच्या मुखातून श्रोत्यांसमोर येईल. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु स्तुती करून खाली बसावे, यासाठी आपण मला बोलावलेले नाही, असे मी समजतो. या उपक्रमाविषयी आपल्या नाट्यवर्तुळात एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. प्रतिभा उपजत असते, ती वर्गात बसवून शिकविता येत नाही; सबब असल्या शिबिरांतून चार चांगले प्रेक्षक निपजतील, नाटककार निपजणार नाही, असा तो आक्षेप. त्याला उत्तर देणे हे माझे पहिले काम. आणि असे उपक्रम कुठे फसतात, हे आरंभीच सांगून ठेवणे हे दुसरे.

कालिदासही एकदा नवोदित होता

नव्या नाटकाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती आजची नाही. ‘मालविकाग्निमित्रम्’ची प्रस्तावना आठवून पाहावी. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या कीर्तिमंतांच्या कृती उपलब्ध असताना कालिदास नावाच्या विद्यमान कवीच्या नाटकाला एवढा मान कशासाठी, असा प्रश्न तेथे सूत्रधाराला विचारला जातो. ज्याला आज आपण कविकुलगुरू म्हणतो, त्यालाही एके काळी रंगमंचाच्या उंबरठ्यावर आपली ओळख पटवून द्यावी लागली. जुने आहे म्हणून चांगले आणि नवे आहे म्हणून टाकाऊ, असा न्याय सुज्ञ करीत नाहीत, ते पारखून घेतात, असे उत्तर तेथे मिळते. पारखून घेणे हाच शब्द आपल्या आजच्या कार्याचा गाभा आहे.

याच नाटकात पुढे गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद आहे. श्रेष्ठ कोण, याचा निर्णय कसा करावयाचा? आचार्यांच्या स्वतःच्या कौशल्यावरून नव्हे, तर त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून. आणि न्यायासनावर बसते परिव्राजिका कौशिकी. काहींना विद्या उत्तम साधलेली असते, काहींना ती दुसऱ्यात उतरविणे साधते, आणि ज्याच्याकडे दोन्ही असेल तो शिक्षकांत अग्रणी, असा तिचा अभिप्राय आहे. आज येथे बसलेल्या मार्गदर्शकांनी हा निकष लक्षात ठेवावा, अशी माझी नम्र विनंती आहे. आपण स्वतः किती नाटके लिहिली, याचा हिशेब सहा महिन्यांनी कोणी विचारणार नाही. आपल्या हातून गेलेला खर्डा रंगमंचावर किती उभा राहिला, हेच विचारले जाईल.

मराठी नाटक तालमीत वाढले

आता आपल्या मराठी रंगभूमीकडे वळू. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला. त्या परंपरेत पद्ये सूत्रधार म्हणे आणि गद्य संभाषण नट प्रसंगानुरूप मुखोद्गत करीत किंवा आयत्या वेळी रचीत. म्हणजे आरंभी नाटककार हा एकटा नव्हताच. संहिता साऱ्या मंडळीच्या मुखात घडत होती. पुढे १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लेखकाने आधी लिहावे, नटांनी मग करावे, ही रीत रुळू लागली. पण लिहिणे एकाचे झाले, तरी घडविणे अनेकांचेच राहिले.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले, तेव्हा त्याचे पहिले चार अंकच झाले होते. ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक १८८२ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आले आणि पूर्ण नाटक १८८३ साली. ‘रामराज्यवियोग’चेही तीन अंक आधी झाले, १८८५ साली अण्णासाहेबांचे निधन झाल्याने ते पुरे झालेच नाही. आज ज्याला आपण मोठ्या अप्रूपाने ‘घडत असलेल्या संहितेचा प्रयोग’ म्हणतो, तो किर्लोस्कर मंडळीत दीडशे वर्षांपूर्वीचा नित्यक्रम होता. अर्धे नाटक लोकांसमोर ठेवावे, कुठे टाळी पडते, कुठे खोकला ऐकू येतो हे पाहावे, आणि मग पुढचे अंक लिहावे. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर यांचे गळे समोर असल्यावर लेखणीला दिशा मिळाली नसती तरच नवल.

गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकत असताना किर्लोस्कर तेथे शिक्षक होते. पुढे देवल त्यांच्या मंडळीत आले आणि तालीममास्तर म्हणून नावाजले. १८९९ सालच्या ‘शारदा’ नाटकातील संवाद आजही जिभेवर सहज येतात, याचे कारण त्या तालमीच्या शिस्तीत आहे. नटाला वाक्य उच्चारताना श्वास कुठे लागतो, हे ज्याने वर्षानुवर्षे जवळून पाहिले, तो अवघड वाक्य लिहीतच नाही. आणि पुनर्लेखनाचा वस्तुपाठ हवा असेल, तर तोही देवलांकडेच आहे. १८९३ साली त्यांनी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिले. तेच त्यांनी पुढे पुन्हा हाती घेतले आणि १९१६ साली ते ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक होऊन अजरामर झाले. दोन खर्ड्यांमध्ये वीसहून अधिक वर्षांचे अंतर! तुम्हाला तिसरा खर्डा लिहिण्याचा कंटाळा येईल, त्या दिवशी हे अंतर आठवावे.

आणि गडकरी? किर्लोस्कर मंडळीत ते ऐन विशीत आले, तेथील मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी केले आणि नाटक विंगेतून पाहिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानीत. गुरूची कोटिबाज भाषा, कल्पनाविलास, विनोद हे सारे त्यांनी घेतले. पण शोकात्म नाटकाची जी खोली त्यांनी गाठली, ती गुरूच्या वाटेवर नव्हती. अवघ्या ३३ व्या वर्षी, जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले. त्यानंतर रंगमंचावर आलेल्या ‘एकच प्याला’ची पदे त्यांच्या मित्राने, विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गडकऱ्यांसारख्या स्वयंभू प्रतिभेच्या मागेही गुरू होता, मंडळी होती आणि मित्राची लेखणी होती. प्रतिभा उपजत असते, हे मान्य. पण उपजलेल्या मुलाला कोणी वाढवावे लागत नाही, असे कोण म्हणेल?

संपादक, दिग्दर्शक आणि प्रश्न

नाटक कंपन्या बसल्या, तेव्हा नवोदित नाटककाराची ही शाळाही बंद पडली. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने आणि पुढे हौशी व प्रायोगिक संस्थांनी ती जागा काही अंशी भरून काढली. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर प्रभृतींनी ‘रंगायन’ उभारली. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने केले, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारेबाईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. त्यातील बेणारेचे गाजलेले स्वगत तालमीच्या काळात, दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे लिहिले गेले. दिग्दर्शकाने स्वगत स्वतः लिहून दिले नाही. येथे काहीतरी हवे आहे, एवढाच हट्ट धरला. ते ‘काहीतरी’ काय, हे तेंडुलकरांनीच शोधले. मार्गदर्शनाचा याहून नेमका दाखला मला सुचत नाही.

महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथे’त छापून आली. ती विजया मेहतांच्या नजरेस पडली आणि नागपूरच्या एका तरुण प्राध्यापकाचे लेखन मुंबईच्या रंगमंचावर पोहोचले. त्याच विजयाबाईंनी १९८५ मध्ये ‘वाडा चिरेबंदी’ रंगमंचावर आणले. १९९४ साली ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली वाड्याची त्रिनाट्यधारा सलग सादर केली. ‘सुलतान’पासून त्रिनाट्यधारेपर्यंतचा प्रवास जवळजवळ तीन दशकांचा आहे. एका जाणत्या वाचकाने वेळेवर टाकलेली नजर कुठवर पोहोचते, हे यावरून ध्यानात यावे.

याच काळात पुण्याच्या थिएटर अकादमीने सतीश आळेकरांच्या कल्पनेतून नाटककार-विकासाची योजना हाती घेतली. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने ती आणि तिच्या जोडीने विभागीय नाट्यसंस्थांच्या विकासाची योजना चालली. महाराष्ट्रात नवोदित नाटककारासाठी आखणीबद्ध असे काही करता येते, हे त्या योजनेने दाखवून दिले. त्याचबरोबर आपल्या लेखकांना उभे करण्यासाठी परक्या निधीकडे का पाहावे लागावे, हा प्रश्नही तिने आपल्यापुढे ठेवला. या उपक्रमाचा खर्च गावोगावच्या देणगीदारांनी उचलला आहे, ही म्हणूनच मला विशेष समाधानाची गोष्ट वाटते.

परदेशातही यापेक्षा वेगळे घडलेले नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात समुद्रकाठी वॉटरफर्ड नावाचे गाव आहे. तेथे १९६४ साली नाटककार यूजीन ओनील यांच्या नावाने एक नाट्यकेंद्र स्थापन झाले आणि पुढील वर्षापासून दर उन्हाळ्यात नव्या नाटककारांची परिषद भरू लागली. नट हातात संहिता धरून वाचतात, नेपथ्य जवळजवळ नसतेच, आणि लेखक रात्रीतून पाने बदलतो. लॉइड रिचर्ड्स या दिग्दर्शकाने तीन दशके या परिषदेची धुरा वाहिली. ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णी लेखकाची नाटके तेथून अनेकदा परत आली होती. १९८२ साली त्याचे ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ स्वीकारले गेले, तेथे ते घडले आणि १९८४ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचले. दिग्दर्शक होते स्वतः रिचर्ड्स. तिसऱ्या वर्षी, १९८७ साली, ‘फेन्सेस’ या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. विल्सनचे नाटक प्रत्येक वेळी नाकारले गेले, तेव्हा तो पुन्हा लिहीत राहिला, हा त्या कथेचा अर्धा भाग. उरलेला अर्धा असा की, त्याचा खर्डा वाचणारे कान दर वर्षी त्याच जागी होते.

आज काय हरवले आहे?

मित्रहो, आज महाराष्ट्रात तरुणांना नाटकाची गोडी नाही, असे कोणी म्हणू नये. १९६३ पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्यमंदिराच्या परिसरात जो उत्साह दिसतो, तो पाहावा. एकांकिका लिहिणारी मुले-मुली आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. पण एकांकिका लिहिणाऱ्यांपैकी दोन अंकांच्या पूर्ण नाटकापर्यंत किती जण पोहोचतात? एकांकिका चांगली झाली की मालिकांच्या लेखनाचे बोलावणे येते. घरभाडे द्यायचे असते, आई-वडिलांना उत्तर द्यायचे असते. मुलगा मालिका लिहू लागतो. यात त्याचा दोष नाही. परंतु मालिकेत दररोज नवा तिढा घालावा लागतो आणि नाटकात एकच तिढा अखेरपर्यंत सोडवीत न्यावा लागतो. पहिल्याची सवय हाडीमाशी मुरली की दुसऱ्यासाठी लागणारा धीर सुटतो.

स्पर्धेची एकांकिका आणि पूर्ण नाटक यांतही असाच भेद आहे. स्पर्धेत पहिल्या पाच मिनिटांत परीक्षकाला पकडावे लागते; म्हणून युक्ती आधी सुचते आणि माणूस मागाहून. मोठ्या नाटकात युक्ती पहिल्या अंकाच्या मध्यावर संपते. त्यानंतर प्रेक्षकाला धरून ठेवतो तो माणूसच. एकांकिका फुगवून नाटक होत नाही. त्यासाठी पात्रांना दुसरा श्वास द्यावा लागतो. हे संक्रमण एकट्याने करणे कठीण असते आणि नेमके येथेच मार्गदर्शकाचे काम आहे.

मार्गदर्शकांसाठी

ज्येष्ठांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पण तालमीच्या अनुभवातून चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, खर्डा प्रथम मोठ्याने वाचून घ्यावा. लेखकाने स्वतः वाचू नये, कारण तो कागदावर नसलेला भाव आवाजाने भरून काढतो. दोन-तीन नटांनी तो कोरा वाचावा; लेखकाने फक्त ऐकावे.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारावेत, उपाय सांगू नयेत. ‘हा मुलगा वडिलांसमोर एवढा गप्प का?’ हा प्रश्न झाला. ‘येथे मुलाने घर सोडून जावे’ हा उपाय झाला. प्रश्नाने लेखक आपल्या नाटकात खोल उतरतो. उपायाने तो तुमच्या नाटकात येऊन पडतो.

तिसरी गोष्ट, वाक्य लिहून देऊ नये. संवाद सुधारून देण्याचा मोह ज्येष्ठांना फार होतो. परंतु तुम्ही घातलेले सुंदर वाक्य त्या संहितेत पाहुण्यासारखे अवघडून बसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्याला न पटणारे नाटकही उत्तम रीतीने लिहिले जाईल, यासाठी झटण्याची तयारी ठेवावी. शिष्याचा विचार आपल्यापेक्षा वेगळा असेल, कदाचित विरोधीही असेल. नाटक कच्चे आहे म्हणून त्याला अडवावे. मत वेगळे आहे म्हणून अडवू नये. शिष्याकडून झालेला पराभव गुरूला भूषण मानण्याची आपली परंपरा आहे. ती केवळ भाषणात सांगण्यापुरती राहू नये.

लेखकांसाठी

आता तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. पहिल्या वाचनानंतर जेव्हा चर्चा होईल, तेव्हा समर्थन करू नका. ‘मला असे म्हणायचे होते’ हे वाक्य प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकाच्या कानात सांगायला तुम्ही जाणार नाही. जे कागदावर नाही, ते नाही. वहीत लिहून घ्या, घरी जा, तीन रात्री जाऊ द्या. चौथ्या दिवशी ज्या सूचना अजून टोचत असतील, त्यांवर काम करा.

सूचना पारखण्याची एक सोपी रीत आहे. तीन जण एकाच पानावर अडखळले, तर तेथे दोष आहे, हे नक्की समजा. त्या तिघांनी सुचविलेले उपाय मात्र तिन्ही चुकीचे असू शकतात. रोग्याला दुखते कुठे, हे तो बरोबर सांगतो. औषध त्याला ठाऊक नसते. आणि बहुतेक वेळा दोष जेथे जाणवतो तेथे नसतो. दुसऱ्या अंकातला स्फोट फुसका वाटत असेल, तर पहिल्या अंकात दारू भरली आहे का, हे आधी पाहावे.

प्रत्येक खर्ड्यावर दिनांक घाला आणि जुना खर्डा फेकू नका. पाचव्या खर्ड्यात नाटक घोटीव झाले, पण त्यातला जीव गेला, असे कित्येकदा घडते. तेव्हा पहिल्या खर्ड्याकडे परत जाण्याची वाट मोकळी असावी. लेखनाला बसण्यास कारण ठरलेले ते एक वाक्य, तो एक प्रसंग, तो एक माणूस वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोणाच्याही सांगण्यावरून तेवढे सोडू नका.

आणि आपली बोली सोडू नका. तुमच्यापैकी कोणी गडचिरोलीचा आहे, कोणी सावंतवाडीची, कोणी उदगीरचा. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला समजावे म्हणून पात्रांना प्रमाणभाषेचे इस्त्रीचे कपडे घालण्याची घाई नको. १९८० साली आलेल्या गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला साऱ्या महाराष्ट्रात नेले, ‘वाडा चिरेबंदी’त वऱ्हाडी बोलणारे घर आहे. विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात, वडसा हे त्या व्यवसायाचे केंद्र आहे, आणि तेथे हजारो प्रेक्षक तिकीट काढून बसतात. त्या रंगभूमीकडून आपण काही शिकावे, असे आपल्या नागर नाट्यवर्तुळाला क्वचितच वाटते. मार्गदर्शकाने बोलीतील शब्द समजला नाही, तर अर्थ विचारावा. शब्द बदलावयास सांगू नये.

नाटक कोणाचे?

एक व्यवहाराची गोष्ट बोलून घेतो; कारण संकोचापोटी ती आरंभी बोलली जात नाही आणि पुढे कटुता येते. सहा महिने अनेकांनी हातभार लावलेल्या या नाटकाचा धनी कोण? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे तत्त्व सरळ आहे. नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. त्या कल्पनेच्या शब्दबद्ध मांडणीवर असतो. ज्याने लिहिले तो त्याचा प्रथम हक्कधारक, आणि हा हक्क त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. प्रश्न विचारणारा मार्गदर्शक सहलेखक होत नाही. सुचविणे आणि लिहिणे यांतील ही रेषा पुसट होऊ नये, म्हणूनही मार्गदर्शकाने वाक्ये लिहून देऊ नयेत, असे मी मघाशी म्हटले. आयोजकांनी प्रत्येक लेखकाशी एका पानाचा साधा करार आजच करावा. नाटक लेखकाचे, पहिल्या प्रयोगाची संधी आयोजकांना ठरावीक मुदतीपर्यंत, आणि मुदत टळली की लेखक मोकळा. एवढे तीन मुद्दे पुरेत.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तेव्हा दाखल करावयाची संहिता तोवर खरोखर पक्की झालेली असावी, हेही वेळापत्रकात धरावे.

वाचनापाशी थांबू नका

अखेरीस आयोजकांना एक मागणी करतो, आणि ती थोडी अडचणीची आहे. असे उपक्रम बहुधा अभिवाचनापाशी थांबतात. सतरंजीवर चार नट बसतात, हाती बाड असते, पन्नास मंडळी टाळ्या वाजवितात, शाल-श्रीफळ होते, छायाचित्र निघते आणि नाटक कपाटात जाते. पुढच्या वर्षी नवे बारा लेखक येतात. वर वधू बोहल्यावर उभे करून अक्षता टाकावयाच्या नाहीत, तर मांडव घालावा कशाला? किर्लोस्करांनी अर्धे नाटक लोकांसमोर नेले, ते वाचनासाठी नव्हे. रंग लावून, पडदा उघडून नेले. नटाच्या चालण्यात, दाराच्या उघडण्यात, दिव्याच्या मावळण्यात नाटकाचे जे दोष उघडे पडतात, ते वाचनात कधीच दिसत नाहीत. वाचनात श्रोता सहृदय असतो. तिकीट काढून आलेला प्रेक्षक खरा असतो.

म्हणून बारा वाचने करण्याऐवजी तीन प्रयोग करा. निवडीवरून नाराजी होईल, ती पत्करा. ते प्रयोग पुण्या-मुंबईतच करू नका. ज्या गावचा लेखक, त्या गावी पहिला पडदा उघडा. गावचे हौशी मंडळ, शाळेचे सभागृह, भाड्याचे दिवे एवढ्यावर ते होते. पाच-सहा प्रयोग सलग झाले पाहिजेत, म्हणजे लेखकाला रोज पाहता येईल आणि रोज लिहिता येईल. ज्यांची नाटके या तिन्हींत येणार नाहीत, त्यांना कारणासह उत्तर द्या आणि पुढच्या वर्षी त्याच खर्ड्यासह येण्याची मुभा द्या. नकारानंतरही दार उघडे राहते, एवढी खात्री असेल तर तरुण लेखक मालिकेचे काम करूनही रात्री नाटक लिहीत राहील.

मित्र-मैत्रिणींनो, या सहा महिन्यांत तुम्हाला गुरू मिळतील. त्यांच्याकडून सारे घ्या आणि मग त्यांना मागे टाकून पुढे जा. कोल्हटकरांचा शिष्य गडकरी झाला, दुसरा कोल्हटकर झाला नाही. आणि मार्गदर्शकहो, सहा महिन्यांनी पडदा उघडेल, तेव्हा आपण प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत बसावे. संवादामागून संवाद येत जातील आणि त्यांत आपला स्वतःचा आवाज कोठेही ऐकू येणार नाही, तर आपले काम उत्तम झाले, असे समजून निःशंक मनाने घरी जावे.